खुशालचे नऊ महिन्यांचे टायर

सस्ता टायर वाईटच असते असं म्हणणाऱ्या माणसाशी मी आजही भांडतो. माहं सायकलचं दुकान लाखनीच्या बस स्टँडजवळ, मोठ्या सडकेले लागून आहे. एकाहत्तर सालापासून तिथं बसून ट्रकांची धूळ खाऊन राहिलो. नाव धनीराम, पण लोक मले तोंडावरून जास्त ओळखतात. ज्यानं टायरात हवा कमी ठेवली त्याले मी बोलतो, ज्यानं सायकल उन्हात उभी केली त्याले बोलतो, आणि पंचर झालेली सायकल जो रीमवर ओढत आणते त्याले तर पायरी चढू देत नाही. माही बायको निर्मला म्हणते, तुमचं दुकान हातामुळं चालते अन् तोंडामुळं बसते. खोटं नाही म्हणत.

तर सस्ता टायर. नावाजलेल्या कंपनीचा टायर आमच्या भागात पटवारी घेत, नाहीतर लग्नातला नवा जावई. बाकी सारी दुनिया नागपूरहून गठ्ठ्यानं येणाऱ्या बिननावाच्या टायरवर चाले. त्यात रबर कमी अन् आतलं सूत विरळ, हे मले कबूल. पण माल बेईमान नाही. हवा टाइट ठेवा, सायकल सावलीत लावा, मागचा टायर झिजायले लागला का पुढचा मागं घाला, मागचा पुढं. आपल्या मुरमाच्या अन् गिट्टीच्या रस्त्यावर तो टायर पावणेदोन वर्षं आरामात जाते. हे मी हवेत बोलत नाही. विकलेल्या हरेक टायरच्या गालावर, म्हणजे बाजूच्या रबरावर, मी तापलेल्या खिळ्यानं महिना अन् साल लिहून देत होतो. मेलेला टायर दुकानात परत आला का तारीख वाचायची, बोटं मोजायची, झालं. कोणी हुज्जत घातली तर त्याचाच टायर त्याच्यापुढं धरायचा.

साऱ्या लाखनीत एकच माणूस असा होता का ज्याचे टायर मले खोटं पाडत. एकोडीचा खुशाल. त्याचा टायर नऊ महिन्यांत मरे. दहावा महिना त्यानं कधी पाहिला नाही.

खुशाल म्हणजे अंगानं काटक, बोलणं कमी अन् हसणं त्याहून कमी. बाप गेला त्र्याहत्तर साली अन् त्याच वर्षी मोठ्या भावासंग, सुखरामसंग, वाटणी झाली. घराच्या मधात कुडाची भिंत आली, धानाच्या बांध्या, म्हणजे शेताचे बांधलेले तुकडे, अर्ध्या अर्ध्या झाल्या. बैलजोडी काही अर्धी करता येत नाही. बापानं जुनी घेतलेली एक सायकल होती. पंचांनी ठरवलं, एकानं बैल घ्यावे, दुसऱ्यानं सायकल. सुखराम म्हणे, सायकलनं चिखलणी होते काय. मोठा होता, त्याचं ऐकलं गेलं. खरं पाहिलं तर ती जोडी खुशालनं वासरं होती तवापासून वाढवलेली. पण तो सायकल धरून आपल्या बाजूच्या अंगणात गेला.

त्या सायकलवरच त्याचं नशीब निघालं म्हणा. एकोडी अन् रस्त्यातली दोन गावं, अशा तीन गावांची डाक लाखनीले आणायले पोष्टाले माणूस पाहिजे होता, अन् अट अशी का सायकल त्याची स्वतःची पाहिजे. खुशाल चौथी शिकलेला, सही करता येत होती. डाकेची थैली त्याले भेटली. रोज सकाळी तीन गावांची पत्रं घेऊन साडेदहाच्या भंडारा बसले थैली द्यायची, इकडची आलेली थैली उचलायची, अन् दुपारपर्यंत वाटत वाटत घरी. जाऊन येऊन दहा कोस. वाटणीत आलेल्या बांध्या घरच्या लोकांले सहा महिने पुरत. उरलेले सहा महिने ती थैली पुरवे. म्हणजे त्याच्या घरची चूल अर्धी धानावर जळे अन् अर्धी माह्या टायरवर. हे मले तेव्हाही माहीत होतं.

टायर घ्यायची त्याची एक रीत होती. दरसाल पोळ्याच्या दोन-तीन दिवस आधी यायचा. बैलाले जशी पोळ्याले नवी वेसण, नवा कासरा, तसे सायकलले नवे टायर, असं म्हणायचा. मले ते ऐकून बरं वाटे. नवा टायर हातात घेऊन उलटा सुलटा पाहायचा, त्याच्यावरून तळवा फिरवायचा, अन् मी खिळा तापवून साल लिहेपर्यंत उभा राहायचा. तिथंच बसव म्हटलं तर नाही म्हणे, घरी बसवतो. पंचरसुद्धा घरीच काढे. म्हणून त्याची सायकल माह्या दुकानात फारशी उभी राहत नव्हती. एरवी टायर मेला म्हणजेच तो यायचा, जेठाच्या सुमारास, मेलेला टायर खांद्यात अडकवून.

अन् तो टायर पाहून माह्या डोक्यात तिडीक जाई. वरची नक्षी शाबूत. रस्त्यानं झिजलेला टायर कसा दिसते हे मले झोपेत समजते. हा झिजलेला नव्हताच. गाल मात्र फुगलेले, मऊ, बोटाले चिकटणारे. जागोजागी भेगा, भेगांतून सूत बाहेर आलेलं, अन् कडेची तार सुटून लोंबत. मी म्हणे, गाल असे जातात ते वजनानं. तू थैलीसंग धानाचे पोते वाहतोस, गिरणीवर नेतोस, अन् मले सांगत नाहीस. तो म्हणे, थैली पाच किलोची अन् मी कसा आहो ते दिसून राहिलं, पोतं कुठं ठेवू. मी म्हणे, मंग उन्हात उभी करतोस. तो म्हणे, माह्या घरी मी उन्हात राहीन, सायकल नाही राहत. असं दरसाल. मी आवाज चढवे अन् तो पोळ्यापर्यंत भागवायले एखादा जुना टायर घेऊन निघून जाई.

अठ्ठ्याहत्तर साली मी ठरवलं का आता या गोष्टीचा निकाल लावायचा. सेवकराम गुरुजी त्याच रस्त्यानं, त्याच्याच बाजूच्या गावाहून रोज लाखनीच्या शाळेत सायकलनं येत. अंगानं भरलेले, खुशालच्या दीडपट. एकाच गठ्ठ्यातले चार टायर काढले, चारही गालांवर एकच तारीख लिहिली. दोन गुरुजीले, दोन खुशालले. रस्ता एक, माल एक, दिवस एक. खुशालचे टायर नऊ महिने अन् वर काही दिवस गेले. गुरुजीचे बावीस महिने गेले, अन् तेव्हाही गुरुजी म्हणे अजून चालते, मीच जबरदस्तीनं काढले.

मी दोघांचे टायर दुकानाच्या खिळ्याले बाजूबाजूनं टांगून ठेवले. येणाऱ्या जाणाऱ्याले दाखवे. म्हणे, पहा, सस्त्या टायरची काही चूक नाही, चूक माणसाची आहे. एक दिवस खुशालनं ते टांगलेले पाहिले. मंग म्हणाला का मोठ्या माणसाले निवडून देता अन् आम्हाले गठ्ठ्याच्या तळचे. असं त्याच्या मनात होतं तर. मले ते लागलं. मी हलका माल विकतो, हे मीच चारचौघांत सांगतो. पण माणूस पाहून माल देतो असं माह्या बापजन्मी कोणी म्हटलं नव्हतं. त्या दिवसापासून आमच्यातलं बोलणं कामापुरतं राहिलं.

ऐंशी साली त्याचा टायर रस्त्यात दोनदा फुटला अन् दोन्ही वेळा भंडारा बस निघून गेली. तीन गावांची पत्रं एक एक दिवस मागं पडली. तपासणीले सायब आला, त्यानं खुशालकडून कागदावर लिहून घेतलं: तिसऱ्यांदा बस चुकली तर थैली दुसऱ्याले. सही करून खुशाल माह्या दुकानासमोरून गेला, तेव्हा मीच त्याले हाक मारली नाही. आता सांगतो, त्याचं मले वाईट वाटते.

एक्याऐंशीच्या जेठात तो आला. मागचा टायर गालाले फाटलेला, आतून जुन्या टायरचा तुकडा लावून वरून सुतळीनं बांधलेला. दुकानात चार गिऱ्हाइकं बसली होती. त्यानं नवा टायर मागितला अन् म्हणाला, "यंदा तरी गुरुजीवाला देजो, धनीरामभाऊ. माही रोजी आहे याच्यावर."

एवढंच. आज वाटते का त्यात काय वाईट होतं. पण चार माणसांपुढं म्हणाला, अन् माहं डोकं फिरलं. मी त्याले काय काय बोललो ते सारं लिहायच्या लायकीचं नाही. शेवटी म्हटलं, तुह्या हातात सोन्याचा टायर दिला तरी तू त्याची माती करशीन. माह्या दुकानात पुन्हा पाय ठेवू नको. टायर दिला नाही. तो सायकल धरून चालता झाला. लाखनीत दुसरं दुकान होतं, पण त्याची उधारीची ओळख माह्याचकडं होती, हे मले ठाऊक असून मी त्याले जाऊ दिलं. संध्याकाळी निर्मलाले सांगितलं तर तिनं ताट माह्यापुढं ठेवलं अन् म्हटलं, रागानं एखाद्या दिवशी तुमच्याच तोंडात माती पडन.

मंग आला श्रावण. पोळ्याले तीन दिवस राहिले होते अन् आठ दिवसांपासून पावसाची झड लागलेली. सकाळी मी दुकानात ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहत होतो. दहा वाजून गेले होते. भंडारा बस स्टँडवर उभी, इंजिन चालू. सडकेवरून एक माणूस येताना दिसला, खांद्यावर काहीतरी मोठं घेतलेला. जवळ आला तेव्हा ओळखलं. खुशाल होता. उजव्या खांद्यावर पुरी सायकल, दांडा खांद्यात रुतलेला, पोटाशी मेणकापडात गुंडाळलेली थैली, पायात काही नाही, गुडघ्यापर्यंत चिखल. मागच्या चाकाचा टायर रीमवरून उतरून पाठीमागं लोंबत होता. बस हालायच्या आत त्यानं थैली कंडक्टरच्या हातात दिली. बस गेली. तो माह्या दुकानापासून वीस पावलांवर होता. एकदाही इकडं पाहिलं नाही.

पोष्टातून आलेली थैली घेऊन तो समोरच्या निंबाखाली बसला. तिथं एक बैलगाडी उभी होती, तिच्यातलं मूठमूठ तणस, म्हणजे धानाचा पेंढा, मागून घेतलं, टायरात ठासून भरलं, वरून सुतळी आवळली, अन् सायकल ढकलत गावाकडं निघाला. मी हातात ट्यूब धरून पाहत होतो. हाक मारावी असं दहादा मनात आलं. तोंड एरवी कोणाचं ऐकत नाही, पण त्या वेळेस उघडलं नाही.

दुपारी गुरुजी आले अन् हसत हसत सांगून राहिले. टायर दोन कोस दूर नाल्याजवळच गेला होता. टायरचा भरोसा नाही म्हणून बिचारा उजाडताच घरून निघे, त्यामुळं वेळ हाती होता. गुरुजी मागून आले, म्हणाले, सायकल इथं ओळखीच्या घरी ठेव अन् थैली घेऊन माह्या मागं बस. तर खुशाल म्हणाला का जनावर रस्त्यात सोडून कोणी जाते काय. गुरुजीले मोठी मजा वाटली. सायकलले जनावर म्हणते, म्हणाले. मले काही हसू आलं नाही. दोन कोस सायकल खांद्यावर, अन् ते माह्या एका टायरपायी, एवढंच डोक्यात फिरत होतं. अन् उद्या पुन्हा तेच होतं. तणस भरलेल्या टायरवर तो किती दिवस बस गाठणार. एक दिवस चुकली का थैली गेली.

दोन दिवस मी कसेतरी काढले. पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी दुकान बंद केलं, गठ्ठ्यातला सगळ्यात ताजा जोड निवडला, दोन ट्यूबा घेतल्या अन् एकोडीच्या रस्त्याले लागलो. आठ वर्षं त्या माणसाले टायर विकून राहिलो होतो, पण त्याचं घर पाहिलं नव्हतं. झड उघडली होती. गावोगावच्या तलावांवर बैल धुणं चालू होतं. एकोडीत पोहोचलो तेव्हा उन्हं कलली होती अन् घरोघरी खांदशेकणी चालू होती. ज्याले माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा सोलते, सुजते. म्हणून पोळ्याच्या आदल्या दिवशी तेल-हळद गरम करून पळसाच्या पानानं तो खांदा शेकायचा, अन् बैलाले जेवणाचं आमंत्रण द्यायचं. त्याले आमच्याकडं आवतण म्हणतात.

सुखरामच्या अंगणात जोडी उभी होती, लोकं जमली होती. खुशालचं घर विचारलं तर कुडाच्या भिंतीपलीकडं बोट दाखवलं. मी मागून गेलो. परसात कोणी नव्हतं, फक्त खुशाल अन् त्याची बायको रुखमिणी. सायकल धुऊन पुसून भिंतीले टेकवलेली. हँडलले पळसाची पानं बांधलेली. खुशाल उघड्या अंगानं उकिडवा बसला होता. रुखमिणीच्या हातात गरम तेलाची वाटी. तो तिच्यात बोटं बुडवे अन् तळव्यानं टायरले तेल चोळे, अगदी बैलाच्या मानेवरून हात फिरवावा तसं, सावकाश, गाल, वरची नक्षी, रीमच्या कडेपर्यंत. जवसाचं तेल होतं. अन् पुटपुटत होता, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या."

माह्या हातातून टायर खाली पडले. त्या आवाजानं त्यानं मागं पाहिलं. मले पाहून असा शरमला का उठता येईना अन् बसताही येईना. रुखमिणीनं डोक्यावर पदर ओढला. मी त्याच्याजवळ जाऊन जमिनीवर बसलो.

"खुशाल," मी म्हटलं, "हे तेल कधीपासून लावून राहिला तू?"

रुखमिणीच बोलली. वाटणी झाली त्या साली हे पोळ्याच्या आदल्या दिवशी वाटी घेऊन पलीकडं गेले होते, आपल्या हातानं वाढवलेल्या बैलांचा खांदा शेकायले. तर भासरे, म्हणजे सुखराम, दारातच म्हणाले का आता आमचे बैल आम्ही पाहू. भरलेली वाटी घेऊन परत आले. गरम केलेलं तेल फेकायचं कसं, म्हणून सायकलले लावलं. तवापासून दरसाल. कोणी पाहून हसू नये म्हणून परसात. पोळ्याले नवे टायर आले का त्यायले लावतात, अन् मंग दर अवसेले, अमावस्येच्या अमावस्येले. भेगा दिसल्या का जरा जास्त. चामड्याच्या जोड्याले भेग पडली का तेलच लावतात ना, तिनं मले विचारलं.

दर अवसेले. म्हणजे नऊ महिन्यांत नऊ वेळा, अन् भेगा पडल्यावर दुप्पट. फुगलेले गाल, चिकटणारं रबर, कुजलेलं सूत, सुटलेली तार, सारं माह्या डोळ्यांपुढून गेलं. ते टायर मी हातात धरले होते. बोटाले चिकटलं तर मी म्हटलं हलकं रबर वितळून राहिलं. जवसाचा वास यायले पाहिजे होता, पण माह्या दुकानात रॉकेल, ग्रीस अन् सोलूशन यापलीकडं नाकाले काही कळतच नाही. अन् गुरुजीच्या टायरासंग ते टांगून मी साऱ्या लाखनीले शहाणपण शिकवत होतो.

मी म्हटलं, "चामडं तेलानं जगते, गड्या. रबर तेलानं मरते."

खुशालनं आपल्या तेलानं भरलेल्या तळव्याकडं पाहिलं. मंग टायरकडं पाहिलं. म्हणाला, "म्हंजे इतले दिस मीच मारून राहिलो होतो यायले?"

मी जे खरं होतं ते सांगितलं. तू एकटा नाही, म्हटलं, मीही. आठ वर्षं तुहे मेलेले टायर पाहून मी भांडलो, एकदाही असं विचारलं नाही का बाबा, घरी तू याचं काय करतोस. तुहं घर माह्या दुकानापासून पाच कोस, अन् तेवढंही मी कधी आलो नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. त्या दिवशी नेलेला जोड त्याच्या सायकलवर चढला अन् त्याले पुन्हा तेल लागलं नाही. एक्याऐंशीच्या पोळ्याचा तो टायर चौऱ्याऐंशीच्या होळीपर्यंत गेला. अडीच वर्षं अन् वर. माह्या दुकानातल्या बिननावाच्या टायरात त्याहून जास्त कोणी गेला नाही, गुरुजीचाही नाही. सायकल तो जिवापलीकडं जपे ना, सावलीत ठेवे, हवा टाइट ठेवे. तेल सोडलं तर त्याच्याइतकं टायरले कोणीच पाहत नव्हतं. तिसऱ्यांदा बस चुकली नाही. सायबाचा तो कागद कुठं फायलीत पडून राहिला असन. थैली आजही खुशालकडं आहे. मेलेला तो टायर मी दुकानात टांगून ठेवला आहे, अन् ते दोघांचे जुने काढून टाकले.

पण मले सांगायचं आहे ते त्या संध्याकाळचं. मी उठून पाने-पेचकस काढले, जुना टायर उतरवला, आतलं तणस झाडलं. फडक्याले राख लावून रीमचं तेल पुसलं. खुशाल तसाच बसून होता. रुखमिणी वाटी धरून उभी होती, तेल निवून राहिलं होतं. ती मले म्हणाली, "भाऊजी, आवतण देऊन झालं. आता शेकल्याबिगर कसं ठेवू? कुठं लावू सांगा."

मी मिस्त्री माणूस. तोंडात आलं का चेनले लाव, लोखंडाले तेल चालते. सांगायले मान वर केली अन् तेव्हा मले खुशालचा उजवा खांदा दिसला. येऊन अर्धा तास झाला होता अन् मी तो पाहिलाच नव्हता. दोन कोस सायकलचा दांडा जिथं रुतला होता तिथली कातडी सोलून निघाली होती, भोवती काळंनिळं सुजलेलं, जू लागलेल्या बैलासारखं. तो त्याच खांद्याले थैली अडकवून दोन दिवस पुन्हा लाखनीले येऊन गेला होता.

मी कुठं पाहून राहिलो ते रुखमिणीनं पाहिलं. ती आत गेली, वाटीत हळद टाकून पुन्हा गरम करून आणली, हँडलचं एक पळसाचं पान तोडलं अन् नवऱ्याच्या मागं बसली. तेल-हळदीत पान बुडवून तिनं त्याच्या खांद्यावर ठेवलं. तो दचकला, खांदा मागं घेऊन राहिला, मले कायले, म्हणाला. तिनं त्याले दुसऱ्या हातानं धरून ठेवलं. कुडापलीकडून सुखरामच्या घरच्या बायांचा आवाज येऊन राहिला होता, त्या बैलांले आवतण देत होत्या. इकडं रुखमिणी खालच्या आवाजात आपल्या नवऱ्याले म्हणाली, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या."

मी त्याले आठ वर्षांत कधी धड हसताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी तो रडला, गुडघ्यात तोंड घालून, मोठ्यानं. मी पाठ फिरवली अन् नवा टायर रीमवर चढवायले लागलो. राखेनं पुसलेल्या माह्या हाताले तेलाचा थेंब नव्हता, तरी कडेची तार दोनदा निसटली.